वागळे इस्टेटचे रेझिनवाले: छपाई अव्वल, हातांची यादी मात्र तुम्हीच द्या

टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेमसाठी किंवा स्वतः बनवत असलेल्या गेमच्या पात्रासाठी पुराणातली मूर्ती थ्रीडी प्रिंटरवर छापून हवी असेल, तर ठाण्यात हल्ली पहिलं उत्तर मिळतं ते 'वागळेचे रेझिनवाले'. गाळ्याला पाटी नाही. एका औद्योगिक इमारतीत पहिल्या मजल्यावर दोघं जण काम करतात, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात, मूर्तीच्या आराखड्याची तयार फाइल छापतात, फाइल नसेल तर बनवून देतात आणि सांगितलं तर रंगवूनही देतात. तपासणीसाठी त्यांच्याकडून ७५ मिमीचे तीन नग घेतले: चतुर्भुज विष्णू, दशानन रावण आणि कर्ण. शिवाय पटावर खेळायला ३२ मिमीचे चार राक्षस. छपाईची सफाई उत्तम आहे. पण कुठल्या हातात काय असावं, हे तिथे कुणी तपासत नाही, आणि आपल्याकडच्या पात्रांची ओळख तर हातांतच असते. ऑर्डर देण्याआधी हे नीट समजून घ्या.

आधी छपाई. टाकीतलं द्रव रेझिन अतिनील (यूव्ही) प्रकाशाने थराथराने कडक होतं आणि मूर्ती वरच्या प्लेटला लटकत तयार होते. सात मूर्तींवर थरांच्या रेषा कुठेही डोळ्यांना दिसत नाहीत. सर्वसाधारण कामाला ते ०.०५ मिमीचा थर ठेवतात, चेहरा महत्त्वाचा असेल तर ०.०३. या प्रकारच्या प्रिंटरमध्ये पडदा एका वेळी अख्खा थर उजळवतो. त्यामुळे वेळ उंचीवर ठरतो, प्लेटवर किती नग बसवले त्यावर नाही. ७५ मिमी उंची म्हणजे ०.०५ ने १५०० थर. एका थराला नऊ सेकंद धरले तर पावणेचार तास. तीच मूर्ती ०.०३ ने करायची तर २५०० थर, म्हणजे सव्वासहा तास. ०.०३ साठी ते जास्त पैसे घेतात, ते याच कारणाने, आणि ते रास्त आहे. फक्त ३२ मिमीच्या राक्षसांना ०.०३ चा हट्ट धरू नका. रंगाचा पहिला हात बसला की तो फरक झाकला जातो.

मूर्ती ते पाठीकडे तीस ते पंचेचाळीस अंश कलवून छापतात, म्हणजे आधाराच्या काड्यांच्या खुणा पाठीमागे जातात. दोन हातांच्या माणसाला एवढं पुरतं. चार हातांच्या मूर्तीत मात्र मागच्या हातांची बोटं खाली झुकलेली असतात आणि त्यांचा पहिला थर अधांतरी सुरू होतो. तिथे काडी लावायची राहिली की ते बोट छापलंच जात नाही. कडक झालेल्या रेझिनचा तुकडा टाकीच्या तळाशी चिकटून बसतो आणि पुढच्या छपाईत प्लेट खाली आली की तळाच्या पारदर्शक फिल्मला इजा करतो. या नगांत एकही बोट गायब नव्हतं. विष्णूच्या चक्राखाली काड्यांचे तीन-चार ठिपके राहिले होते, ते बारीक पॉलिश पेपरने दोन मिनिटांत गेले.

रावणावर या दोघांनी घेतलेली मेहनत बघण्यासारखी आहे. दहा डोकी एका ओळीत मांडायची म्हटलं की पहिली अडचण रुंदीची. ७५ मिमीच्या मूर्तीत, गेमच्या शैलीने थोडं मोठं धरलं तर, डोकं साधारण १० मिमीचं येतं. तशी दहा ओळीने लावली की मूर्ती उंचीपेक्षा रुंद होते. म्हणून त्यांनी मधलं डोकं पूर्ण मापाचं ठेवून बाजूची क्रमाने लहान केली, टोकाची सहा मिमीपर्यंत. दुसरी अडचण तोलाची. मध्ये एक ठेवलं की उरतात नऊ, म्हणजे एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार. वजन पाचाच्या बाजूला जातं, आणि पातळ बेसवर उभा केलेला रावण हलक्या धक्क्यानेही कलंडतो. त्यावर उपाय म्हणून ५० मिमीच्या बेसखाली लोखंडी वॉशर बसवला आहे. तिसरी अडचण धुण्याची: दोन डोक्यांच्या मध्ये, कानांच्या मागे कच्चं रेझिन अडकून राहतं. ते तसंच यूव्हीखाली गेलं की कानामागे चकचकीत फुगवटा तयार होतो आणि कुंडलाची नक्षी बुजते. त्यांनी डोक्यांची पूर्ण रांग वेगळा भाग म्हणून छापली आणि मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन वेळा धुतली. नक्षी शाबूत आहे.

वीस हातही असेच. डावीकडचे नऊ आणि उजवीकडचे नऊ असे दोन पंखे वेगळे, आणि पुढचे दोन हात धडाला जोडलेले. पंखा खांद्यामागच्या खोबणीत बसतो. खोबणी खुंटीपेक्षा ०.१५ मिमी सैल ठेवली आहे, त्यामुळे ठोकाठोक करावी लागत नाही. धनुष्य आणि बाणांच्या जागी त्यांनी रेझिन वापरलेलंच नाही, ०.८ मिमीची पितळी तार लावली आहे. एक मिमीपेक्षा बारीक रेझिनची काठी पहिल्या खेळातच मोडते, तिचं दुसरं काही होत नाही. त्रिशूळ, भाला, बाण असलेलं कुठलंही पात्र करायला देताना तारेचा आग्रह धरा. प्रत्यंचा छापायला सांगूच नका. नायलॉनचा बारीक दोरा फेविक्विकच्या थेंबाने दोन्ही टोकांना लावला की झालं. थेंब मात्र टाचणीच्या टोकाने द्यायचा, कारण जास्त गोंद सुकताना आजूबाजूला पांढरी धूर बसल्यासारखी झाक सोडतो.

आता विष्णू, जिथे ही मंडळी चुकली.

शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे मांडता येतात, आणि त्या प्रत्येक मांडणीला संध्येतल्या चोवीस नावांपैकी एक नाव आहे. क्रम मोजायचा तो मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून, मग वरचा उजवा, वरचा डावा आणि शेवटी खालचा डावा. पंधराव्या शतकातल्या सूत्रधार मंडनाच्या 'रूपमंडन' या मूर्तिशास्त्राच्या ग्रंथात केशव येतो तो पद्म, शंख, चक्र, गदा असा. मागितला होता केशव. हातात आली ती गदा, चक्र, शंख, पद्म अशी मूर्ती, म्हणजे माधव. शिल्प तेच, नक्षी तीच, पण डावं-उजवं पालटलेलं. हाच नियम पुढेही चालतो: नारायण उलटला की गोविंद होतो. देव बदलला नाही, रूप बदललं. पण गेममध्ये एखादं कोडं मूर्तीच्या हातांवर उभं केलेलं असेल, तर सगळं कोडंच फसतं.

हे होतं कसं? स्लायसर नावाच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलचे थर पाडतात, त्यात मिररची, म्हणजे डावं-उजवं पालटण्याची, एक सेटिंग असते. एलसीडी (पडद्याच्या) प्रिंटरला एक प्रकार लागतो, डीएलपीला (प्रोजेक्टरच्या) दुसरा. मशीनचं प्रोफाइल बदलताना ती सेटिंग चुकीची राहिली तर प्रत्येक नग आरशातला निघतो. युरोपीय शूरवीर छापताना कुणाच्या लक्षातही येत नाही, तलवार डाव्या हातात गेली एवढंच. आपल्याकडच्या पात्रांत ती चूक लपत नाही. कधी दोष छपाईचा नसतोही: शिल्पकाराने अर्धं शरीर घडवून बाकीचं उलटवून घेतलेलं असतं. म्हणून छपाईआधीच्या चित्रावरून दोन ठिकाणी नजर टाका. पहिलं जानवं. ते डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे गेलं पाहिजे. उजव्या खांद्यावर दिसलं तर मूर्ती अपसव्य झाली, म्हणजे फाइल उलटी आहे. दुसरं म्हणजे त्या-त्या पात्राची ठरलेली बाजू. नटराज उजव्या पायाखाली अपस्माराला दाबतो आणि डावा पाय उचलतो, डमरू वरच्या उजव्या हातात आणि अग्नी वरच्या डाव्या हातात. दक्षिणकालीच्या डाव्या हातांत खड्ग आणि मुंडकं, उजव्या हातांनी अभय आणि वर. हे उलटलं तर ती डाव्या हाताने आशीर्वाद देताना दिसते. गणपतीबद्दल तर ठाणेकराला सांगायला नको: डाव्या सोंडेची फाइल उलटली की उजव्या सोंडेचा गणपती घरात येतो, आणि त्याचं सोवळं सांभाळायची घरच्यांची तयारी असेलच असं नाही.

तक्रार केल्यावर युनिटने विष्णू पैसे न घेता पुन्हा छापून दिला, आठवड्याच्या आत, आणि या वेळी केशवच. वागणूक चांगली आहे. पण चूक गिऱ्हाइकाने दाखवेपर्यंत कळली नाही, ही उणीव राहतेच. त्यांनी हात वेगळे छापून जोडायला दिले होते आणि चारही हातांच्या खुंट्या गोल, एकाच मापाच्या होत्या. अशाने छपाई बरोबर असूनही जोडणाऱ्याच्या हातून चक्र शंखाच्या जागी जाऊ शकतं. प्रत्येक हाताची खुंटी वेगळ्या आकाराची हवी: एक चौकोनी, एक त्रिकोणी, एक डी आकाराची, एक षट्कोनी. चुकीचा हात चुकीच्या खोबणीत शिरताच कामा नये. ऑर्डर देताना हे लिहून द्या, करून देतात.

कर्णाच्या निमित्ताने फाइल बनवून घेण्याबद्दल. तयार फाइल नसली तर हे लोक तुमच्या वर्णनावरून शिल्प घडवतात, आणि इथे सगळा भार तुमच्या वर्णनावर असतो. नुसतं 'कर्ण, योद्धा, सोनेरी चिलखत, हातात शक्ती' असं लिहून दिलं तर तसाच कर्ण मिळेल, आणि तो महाभारतात कुठेच नसतो. कवचकुंडलं इंद्राला काढून दिल्यावर त्या बदल्यात त्याला ती शक्ती मिळाली. अंगावर कवच असेल तर हातात शक्ती नाही, हातात शक्ती असेल तर अंगावर कवच नाही. गेमच्या दृष्टीने हे किती सुंदर आहे बघा: एकाच पात्राच्या दोन अवस्था, एकीत अभेद्य संरक्षण, दुसरीत एकदाच वापरता येणारं अस्त्र, आणि ते अस्त्र अर्जुनासाठी राखलेलं असून घटोत्कचावर खर्च होतं. दोन वेगळ्या मूर्ती मागवा, किंवा छाती बदलता येईल असा भाग करून घ्या. अश्वत्थाम्याचंही तसंच. कपाळावर मणी आहे की भळभळती जखम, ते आधी ठरवा, कारण त्यावरून तो युद्धाआधीचा की नंतरचा ते ठरतं. मारुती हवा असेल तर हातात गदा घालायची घाई करू नका. रामायणात तो झाडं उपटून आणि शिळा उचलून लढतो. आपल्याकडच्या वीर मारुतीचा उगारलेला हात आणि डोक्यावरून गेलेलं शेपूट छोट्या मापात गदेपेक्षा जास्त उठून दिसतं, आणि मोडायला काठीही राहत नाही.

वर्णन लिहिताना प्रमाणही लिहा. शिल्पशास्त्रात ताल म्हणजे हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा, बारा अंगुळांचा, आणि मुख्य देवतांना उत्तम दशताल, म्हणजे १२४ अंगुळं उंची. मिनिएचरच्या, म्हणजे खेळातल्या छोट्या मूर्तींच्या, पाश्चात्त्य पद्धतीत डोकं आणि पंजे मुद्दाम मोठे ठेवतात, लांबून ओळखू यावेत म्हणून. ३२ मिमीला तेच योग्य आहे. ७५ मिमीला मात्र त्याच प्रमाणात राम केला तर तो बुटका मल्ल दिसतो. या युनिटच्या कर्णाचं नाक, जबडा आणि पोटऱ्यांवरची बांधणी रोमन सैनिकाकडे झुकलेली आहे, कारण ते तयार शरीरावरून सुरुवात करतात. वेरूळच्या किंवा बदामीच्या शिल्पांचे फोटो सोबत पाठवले की फरक पडतो. पाठवाच.

राक्षसांच्या चार नगांनी वेगळाच धडा दिला. 'राक्षस' म्हणून तयार फाइल शोधली की वाघाचं डोकं, झुलता झगा आणि उलट्या बाजूला वळलेले पंजे असलेला प्राणी येतो. तो डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमचा, त्याचं वाघाचं डोकं १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या पुस्तकापासून चालत आलेलं. खेळात तो मजेदार आहे, पण लंकेचा नाही. युनिटने चारही तेच पाठवले. नाव देऊन मागवलेत, विराध म्हणा, कबंध म्हणा, तर गोंधळ होत नाही. कबंध तर छापायला सोपा आणि पटावर भीतिदायक: डोकं नाही, पोटात तोंड, छातीवर एक डोळा, लांबच लांब हात.

देवांनाच प्यादं करावं का, हा प्रश्न गिऱ्हाइकं या गाळ्यातही विचारतात, आणि तो विचारण्यासारखा आहे. स्माइट या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू कालीलाच चालवतो, म्हणून २०१२ मध्ये निषेध झाला होता. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या 'राजी' या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूच्या हाती एक साधी मुलगी आहे, आणि दुर्गा व विष्णू वरून तिची गोष्ट सांगतात. टेबलावरच्या खेळालाही हीच मांडणी शोभते: हलणारी प्यादी माणसं, वानर, राक्षस, नाग यांची, आणि देव पटाच्या कडेला ७५ मिमीचे, जागेवर उभे. यात व्यवहाराचाही भाग आहे. पटावरची मूर्ती पडते, हात मोडतो, आणि खंडित मूर्ती घरात ठेवायला घरातली मोठी माणसं राजी नसतात. देवाची मूर्ती मागवलीत तर हातांचा एक जादा संच सोबत घ्या, दीड-दोनशे रुपयांत मिळतो. आणि ही मूर्ती गणेशोत्सवात पूजेला बसवायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. रेझिन पाण्यात विरघळत नाही, विसर्जनाला तलावपाळीला नेऊन उपयोग नाही.

रंगकाम सरासरी आहे. चेहरे आणि डोळे नीट, दागिने छान. निळं अंग मात्र एकसुरी होतं. सावलीला त्यांनी काळा वापरला आहे, त्याने श्यामवर्ण मळकट दिसतो. तिथे जांभळ्याकडे झुकणारा गडद निळा हवा आणि उजेडाच्या जागी मोरपंखी. पीतांबर पट्टेदार झाला आहे, कारण पिवळा रंग मुळात कमी झाकतो आणि तो थेट करड्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर, मारला आहे. आधी पांढरा किंवा गेरूच्या छटेचा हात द्यायला हवा होता. पावसाळ्यात रंगवून घेणं टाळलेलंच बरं. हवेत दमटपणा जास्त असला की स्प्रे प्रायमर मूर्तीवर पोचेपर्यंत दाणेदार होतो आणि बारीक नक्षीवर खरखरीत थर बसतो. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, असं त्यांना सांगता येतं.

नग हातात आला की आधी नायट्राइल हातमोजे घालून बोट लावून बघा. चिकट लागला तर धुणं अपुरं झालं आहे. कच्च्या रेझिनने त्वचेला त्रास होतो, म्हणून हातमोजे न काढता तो परत द्या. रावणासारखी मोठी मूर्ती आतून पोकळ असेल तर तळाला निदान दोन भोकं दिसली पाहिजेत, तीनेक मिमीची. भोकं नसतील तर आत कच्चं रेझिन कोंडलेलं असू शकतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते भिंतीला तडा देऊन बाहेर येतं. आलेल्या रावणाला दोन भोकं होती, भिंत सव्वादोन मिमीची.

दर असे: ३२ मिमीचा नग ₹३००, ७५ मिमीचा ₹१,२००, वेगळ्या हातांचा ₹१,६००, रंगवून ₹४,५००, नवीन फाइल घडवायला ₹४,००० पासून पुढे. फाइल तुमची असेल तर तिचा परवाना ते विचारतात, आणि हे चांगलं आहे. वैयक्तिक वापराच्या फाइलवरून विक्रीसाठी नग काढून देत नाहीत. साधी छपाई आठवड्यात, रंगकाम तीन आठवड्यांत मिळतं. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात दोन्ही लांबतं. कुरिअरपेक्षा स्वतः जाऊन आणा. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेकडून वागळेला टीएमटीची बस आणि शेअर रिक्षा दोन्ही मिळतात. मूर्ती तिथेच उघडून जानवं, हात आणि सोंड बघून घ्या. उलटी असेल तर त्याच दिवशी पुन्हा प्लेटवर चढते.